हार्ट ब्लॉक लिहिण्याआधी: गळलेल्या ठोक्याची चौकशी कशी करावी

रात्रपाळीत हातात आलेली ती ईसीजीची पट्टी मला अजून जशीच्या तशी आठवते. सत्तरीतल्या एक बाई, चक्कर येण्याची तक्रार, आणि दर तीन-चार ठोक्यांनंतर एक लांब विराम. विरामाआधीच्या प्रत्येक ठोक्यात पीआर अंतर, म्हणजे पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ, अगदी सारखं. मला रेसिडेंट होऊन चार महिने झाले होते. ‘पीआर सारखा असताना ठोका अचानक गळला, तर मोबिट्झ टाइप दोन’ हे पाठ होतं. म्हणजे हार्ट ब्लॉकचा गंभीर प्रकार: अलिंदांतून (वरच्या कप्प्यांतून) निलयांकडे (खालच्या कप्प्यांकडे) जाणारा विजेचा संदेश अडणं. मी तसं लिहिलं, वरिष्ठांना फोन केला आणि बाईंच्या मुलाला सांगितलं की बहुतेक पेसमेकर बसवावा लागेल. त्या घरात त्या रात्री कुणी झोपलं नाही.

सकाळी वरिष्ठांनी पट्टी उजेडात धरली, कॅलिपर लावला आणि विरामाआधीच्या टी वेव्हवर बोट ठेवलं. बाकीच्या सगळ्या टी गोल, गुळगुळीत. ही एकच टोकदार. त्या टोकात वेळेआधी आलेली एक पी वेव्ह दडली होती. गळलेल्या ठोक्याची पी मी शोधलीच नव्हती, ती तिथे असणारच असं गृहीत धरलं होतं. हार्ट ब्लॉक नव्हता. चक्कर येत होती ती रक्तदाबाच्या नव्या गोळीमुळे, उभं राहताना दाब घसरत असल्याने.

हार्ट ब्लॉकसारखे दिसणारे पण हार्ट ब्लॉक नसलेले तालबिघाड पुष्कळ आहेत, आणि ते नेमके रात्री, घाईत, एकटे असताना समोर येतात. तुम्ही इंटर्न असाल, नव्याने ईसीजी वाचू लागलेले रेसिडेंट असाल, अतिदक्षता विभागातल्या परिचारिका किंवा ईसीजी तंत्रज्ञ असाल, तर पुढचा क्रम तुमच्यासाठी आहे. मी तो चुका करत शिकले. पी, क्यूआरएस, टी ओळखता येतात एवढं मी धरून चालते.

हाताशी काय हवं

- बारा लीडचा पूर्ण ईसीजी. मॉनिटरवरच्या एका लीडवर निदान करायचं नाही.
- लांब रिदम स्ट्रिप, शक्यतो लीड दोन आणि व्ही-१ या दोन्हींची, निदान अर्धा ते एक मिनिट. दहा सेकंदांत विराम एकदाच सापडला तर तुलना कशाशी करणार?
- जुने ईसीजी. घरच्या फाइलमध्ये असतात, मागितल्याशिवाय मिळत नाहीत.
- कॅलिपर. नसेल तर कोऱ्या कागदाची सरळ कड आणि टोक केलेली पेन्सिल.
- औषधांची पूर्ण यादी. बीटा ब्लॉकर, व्हेरापॅमिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन, अमिओडॅरोन ही नावं मुद्दाम विचारा. डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबही विचारा. ‘ते काय औषध थोडंच’ असं समजून रुग्ण ते सांगत नाहीत.
- पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन यांचे ताजे अहवाल.
- विराम आला त्या क्षणी रुग्ण काय करत होता याची नोंद: झोपेत, उलटी करताना, लघवी करताना, रक्त काढताना, की चालताना.
- पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड.

१. आधी माणूस, मग पट्टी

रक्तदाब खाली, शुद्ध हरपतेय, छातीत दुखतंय, धाप लागलीय असं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा. तिथे मंद गतीवर उपचार आधी. ब्लॉक खरा की भासमान हे नंतर ठरेल. पुढचं सगळं त्या रुग्णासाठी, जो शांतपणे बसून तुमच्याशी बोलतोय आणि ज्याच्या पट्टीत विराम दिसतोय.

२. पी-पी मोजा: पी वेळेवर आली होती का?

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. ‘ठोका गळला का’ हा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न असा: त्या वेळी यायची ती पी आली का, आणि आली असेल तर वेळेवर आली का?

करायचं असं. ताल सुरळीत आहे अशा भागात पट्टीखाली कागदाची कड लावा आणि लागोपाठच्या चार-पाच पींवर खुणा करा. आता कागद सरकवत विरामापर्यंत न्या. नेहमीच्या २५ मिलिमीटर प्रति सेकंद वेगावर लहान चौकोन ४० मिलिसेकंदांचा आणि मोठा २०० मिलिसेकंदांचा असतो. पण इथे आकडा काढण्याची घाई नको. खूण आणि पी जुळतात का, एवढंच पाहायचं.

उत्तर चारांपैकी एक येतं.

पी वेळेच्या आधी आली: अलिंदातून आलेला अवेळी ठोका, म्हणजे एपीसी, आणि तो खाली पोचला नाही. हार्ट ब्लॉक नव्हे.

पी आलीच नाही: दोष सायनस नोडकडे, म्हणजे ताल सुरू करणाऱ्या केंद्राकडे, शोधा. एव्ही नोडपर्यंत, म्हणजे अलिंद आणि निलय यांच्यामधल्या विजेच्या दारापर्यंत, काही आलंच नाही, तर त्याने अडवलं काय?

पी उशिरा आली, म्हणजे पी-पी अंतरं लांबत गेली आणि त्यात एक पी वाहून गेली नाही (खाली निलयांपर्यंत पोचली नाही): हृदय मंदावणाऱ्या व्हेगस नसेचा प्रभाव. एव्ही नोडने संदेश अडवला हे खरं, पण नोड रोगट आहे असं त्यावरून म्हणता येत नाही.

पी अगदी वेळेवर आली, तिच्या नेहमीच्या रूपात आली, आणि तरी मागे क्यूआरएस नाही: आता खऱ्या एव्ही ब्लॉकचा संशय धरा. निकाल अजूनही नाही, कारण सहाव्या पायरीवर एक अवघड नक्कल बसली आहे.

माझी चूक इथेच झाली होती. मी पीआर चार वेळा मोजला आणि पी-पी एकदाही नाही.

३. विरामाआधीची टी डोळ्यांत तेल घालून पाहा

विराम दिसल्यावर सर्वांत आधी संशय घ्यायचा तो वाहून न गेलेल्या एपीसीचा. ईसीजीत अनपेक्षित विराम दिसण्याचं हे सगळ्यांत नेहमीचं कारण आहे, आणि सगळ्यांत जास्त निसटणारंही.

घडतं ते असं. आधीचा ठोका नुकताच खाली गेलेला असतो आणि एव्ही नोड अजून रिफ्रॅक्टरी असतो, म्हणजे पुढचा संदेश घ्यायला तयार झालेला नसतो. तेवढ्यात अलिंदातून अवेळी ठिणगी येते. नोड ती घेत नाही. हे नोडचं निरोगी वागणं आहे. पण ही ठिणगी सायनस नोडपर्यंत पोचून त्याचं घड्याळ शून्यावर आणते, म्हणून पुढची नेहमीची पी उशिरा येते. आपल्याला दिसतो तो नुसता विराम, कारण ती अवेळी पी बरोबर आधीच्या टीवर बसलेली असते. चोर सोडून संन्याशाला फाशी होते ती अशी.

शोधायचं कसं? बारा लीडमधल्या प्रत्येक लीडमध्ये विरामाआधीच्या टीची तुलना बाकीच्या टींशी करा. ती उंच आहे का, टोकदार आहे का, तिच्यावर खाच आहे का, उतारावर लहानसा उंचवटा आहे का? लीड दोन आणि व्ही-१ मध्ये सापडण्याची शक्यता जास्त, पण कधी कधी पुरावा एखाद्याच दुर्लक्षित लीडमध्ये असतो. दिसत नसेल तर यंत्राची उंची दुप्पट करा, म्हणजे १ मिलिव्होल्टला २० मिलिमीटर, आणि वेग ५० मिलिमीटरवर न्या. तरीही अलिंदाची हालचाल कळली नाही तर लुईस लीड लावून पाहा: उजव्या हाताचा इलेक्ट्रोड छातीच्या हाडाच्या वरच्या भागावर, डाव्या हाताचा उजवीकडच्या पाचव्या फासळ्यांच्या फटीत हाडाच्या कडेला, डाव्या पायाचा उजव्या बरगडीच्या खालच्या कडेवर, आणि वाचायचं लीड एकमध्ये. दोन मिनिटांचं काम आहे. या लीडने मला पी दाखवून दिल्याचे प्रसंग अनेक आहेत.

आणखी एक युक्ती. त्याच पट्टीत या एपीसीची भावंडं शोधा. थोडा उशिरा आलेला एपीसी लांब पीआर घेऊन खाली जातो. कधी तो रुंद क्यूआरएस घेऊन जातो, बहुतेक वेळा उजव्या बंडलच्या (उजव्या निलयाकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेच्या) ब्लॉकसारखा दिसणारा. असे वाहून गेलेले एपीसी पट्टीत असतील तर विरामही त्यांच्याच कुटुंबातला असण्याची शक्यता फार मोठी. विरामाची लांबीही मदत करते. सायनसचं घड्याळ मागे आल्यामुळे तो बहुधा दोन पी-पी अंतरांपेक्षा कमी भरतो. खऱ्या टाइप दोनमध्ये तो बरोबर दोन अंतरांइतका असतो.

*सापळा: प्रत्येक ठोक्यानंतर एक.* एपीसी दर दुसऱ्या ठोक्याला येत राहिला आणि प्रत्येक वेळी अडला, तर हृदयगती एकदम चाळीस-पन्नासवर येते. पट्टी सायनस ब्रॅडिकार्डियासारखी दिसते, किंवा टीमधली पी तुम्हाला दिसली तर २:१ (दोन पींना एकच क्यूआरएस) एव्ही ब्लॉकसारखी. फरक पी-पीमध्ये आहे. खऱ्या २:१ ब्लॉकमध्ये पी समान अंतराने येतात. अडलेल्या बायजेमिनीत, म्हणजे दर दुसऱ्या ठोक्याला एपीसी येणाऱ्या या तालात, अंतर आखूड-लांब, आखूड-लांब असं येतं आणि अवेळी पीचा आकारही वेगळा असतो. गर्भातल्या बाळाच्या हृदयाचा वेग कमी आढळला तर तिथेही याच दोन शक्यता असतात. एपीसीचा प्रकार बहुतेक वेळा आपोआप जातो. खऱ्या ब्लॉकचा अर्थ मात्र फार गंभीर असू शकतो. म्हणून तिथेही अलिंदाच्या ठोक्यांमधलं अंतर मोजूनच बोलायचं.

*सापळ्यातला सापळा:* खऱ्या २:१ ब्लॉकमध्येही पी-पी अंतर थोडं कमी-जास्त होतं. ज्या दोन पींच्या मध्ये क्यूआरएस आहे त्यांच्यातलं अंतर किंचित आखूड असतं. हा फरक बारीक असतो आणि दोन्ही पींचं रूप सारखं असतं. एपीसी बराच आधी येतो आणि त्याचं रूप बदललेलं असतं.

४. पी आणि क्यूआरएस दोन्ही गायब असतील तर

ही पायरी लवकर संपते. विराम पी-पी अंतराच्या बरोबर दुप्पट-तिप्पट असेल तर सायनस नोडमधून बाहेर पडताना संदेश अडतोय. पटीत बसत नसेल तर सायनस नोड तेवढ्यापुरता थांबलाय. विरामाआधी पी-पी अंतर आखूड होत गेलं असेल तर तो सायनस नोडकडचा वेन्केबाख, म्हणजे वहन ठोक्यागणिक लांबत जाऊन शेवटी एक ठोका गळण्याचा क्रम, असू शकतो. श्वासाबरोबर पी-पी सावकाश लांबत-आखडत असेल, विशेषतः तरुण माणसात, तर तो नैसर्गिक बदल आहे. पण ‘पी नाही’ हा निष्कर्ष तिसऱ्या पायरीनंतरच काढायचा. टी न तपासता काढलेला ‘सायनस पॉज’ अनेकदा लपलेला एपीसी निघतो.

५. पीआरची तुलना विरामाच्या आधी आणि विरामानंतर करा

पी वेळेवर आहे. आता पीआर. नवे लोक विरामाआधीचे दोन-तीन पीआर एकमेकांशी ताडून पाहतात, सारखे दिसले की टाइप दोन लिहितात. वेन्केबाखचं चक्र लांब असेल, म्हणजे आठ-दहा ठोक्यांनी एक गळत असेल, तर पीआरमधली सगळ्यांत मोठी वाढ चक्राच्या सुरुवातीलाच होऊन जाते. शेवटचे काही पीआर डोळ्यांना सारखेच भासतात. म्हणून विरामाआधीचा शेवटचा पीआर आणि विरामानंतरचा पहिला पीआर एकमेकांशेजारी ठेवा. नंतरचा आखूड असेल तर तो टाइप एक, म्हणजेच वेन्केबाख. वेन्केबाखने हा क्रम १८९९ साली नाडीच्या आलेखावरून ओळखला होता आणि मोबिट्झने १९२४ मध्ये ईसीजीवर दोन प्रकार वेगळे केले. दोघांच्याही पद्धतीत मोजमाप होतं, अंदाज नव्हता.

खऱ्या टाइप दोनसाठी माझ्या वहीत तीन अटी लिहिलेल्या आहेत: पी-पी स्थिर, पीआर स्थिर, विरामानंतरच्या पहिल्या ठोक्यातही, आणि क्यूआरएस बहुतेक वेळा रुंद, कारण दोष हिज बंडलच्या (एव्ही नोडच्या पुढच्या विजेच्या वाटेच्या) खालच्या वाटांमध्ये असतो. अरुंद क्यूआरएसमध्ये टाइप दोन अशक्य नाही, पण तिथे थांबून पुन्हा मोजलंच पाहिजे.

सायनस मंदावत असताना ठोका गळला तर टाइप दोन हे नाव देऊच नका, पीआर कितीही स्थिर दिसला तरी. पहाटे अडीचला झोपेत, उलटीच्या उमाळ्यात, सुई टोचताना दिसणारे विराम बहुधा व्हेगसमुळे असतात. घोरणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या माणसाच्या होल्टरमध्ये, म्हणजे दिवसभर अंगावर लावलेल्या ईसीजीमध्ये, फक्त रात्रीच विराम दिसत असतील तर निद्रा-श्वासरोधाची तपासणी आधी करा.

आणि शुद्ध २:१ ला टाइप एक किंवा टाइप दोन म्हणता येत नाही, कारण लागोपाठचे दोन पीआर तुलनेला मिळतच नाहीत. ‘२:१ एव्ही ब्लॉक’ एवढंच लिहा आणि लांब पट्टीत ३:२ कुठे मिळतो का ते शोधा.

६. हिजमधला लपलेला ठोका: सगळ्यांत हुबेहूब नक्कल

आता ती पट्टी, जिच्यात पी वेळेवर आहे, पीआर स्थिर आहे, क्यूआरएस अरुंद आहे आणि तरी ठोका गळतो. सगळ्या अटी पुऱ्या झाल्यासारख्या वाटतात. इथे शिकलेल्यांचीही फसगत होते.

हिज बंडलमधून किंवा जंक्शनमधून (एव्ही नोडच्या आसपासच्या भागातून) एक अवेळी ठिणगी उठते. ती खाली निलयांपर्यंत जात नाही, म्हणून क्यूआरएस नाही. वर अलिंदांपर्यंतही जात नाही, म्हणून उलटी पी नाही. ईसीजीवर तिचा मागमूस नसतो. पण जाता जाता ती एव्ही नोडला रिफ्रॅक्टरी करून जाते. त्यानंतर सायनसची पी अगदी वेळेवर येते आणि तिला वाट बंद मिळते, किंवा ती रेंगाळत, लांबलेल्या पीआरने खाली जाते. सायनसचं घड्याळ बिघडलेलं नसतं, म्हणून पी-पीची कसोटी इथे तुम्हाला वाचवत नाही.

लँगेंडॉर्फ आणि मेहलमन यांनी १९४७ मध्ये हे केवळ ईसीजीवरून, तर्काने मांडलं होतं. त्या वेळी हिज बंडलचा संकेत माणसाच्या हृदयातून नेहमीच्या कॅथेटरने नोंदवण्याची सोय नव्हती. ती शेर्लाग आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दाखवली, आणि पुढच्याच वर्षी रोझेन आणि सहकाऱ्यांनी असा लपलेला ठोका प्रत्यक्ष नोंदवला. न दिसणाऱ्या गोष्टीचा अंदाज परिणामांवरून बांधायचा आणि तो तेवीस वर्षांनी खरा निघायचा, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आपल्याला बिछान्याजवळ तोच तर्क करायचा आहे. खुणा अशा:

- त्याच रेकॉर्डमध्ये इतरत्र उघड जंक्शनल ठोके दिसतात: आधी पी नसलेले, अवेळी, अरुंद क्यूआरएसचे. लपणारा ठोका कधीतरी बाहेर पडतोच.
- मध्येच एखादाच पीआर कारण नसताना लांबतो आणि पुढच्या ठोक्याला पूर्ववत होतो.
- एकाच पट्टीत टाइप एक आणि टाइप दोन दोन्ही असल्याचा भास होतो, तेही अरुंद क्यूआरएससह.

यातलं काही दिसलं तर २४ तासांचं होल्टर लावा आणि उघड जंक्शनल ठोके शोधायला सांगा. ‘पॉज किती’ एवढंच विचारलंत तर तेवढंच उत्तर मिळेल. शंका राहिली आणि निर्णय पेसमेकरचा असेल तर इलेक्ट्रोफिजिऑलॉजी तपासणीचा आग्रह धरा. हिजवर ठेवलेल्या कॅथेटरमध्ये हा ठोका समोर दिसतो.

याचीच सोपी आवृत्ती म्हणजे दोन सायनस ठोक्यांच्या मधोमध आलेला व्हीपीसी, म्हणजे निलयातून आलेला अवेळी ठोका. तो उलट दिशेने एव्ही नोडमध्ये शिरतो, वर पोचत नाही, पण पुढच्या पीचा पीआर लांबवतो किंवा ती पी अडवतो. इथे निदान गुन्हेगार डोळ्यांना दिसतो. त्याच्या लगेच पुढच्या पीला ‘पहिल्या दर्जाचा ब्लॉक’ (नुसता लांब पीआर) म्हणू नका.

पीआर एका ठोक्यात १८० वरून ३५० मिलिसेकंदांवर उडी मारत असेल आणि तिथेच टिकत असेल, तर एव्ही नोडमध्ये जलद आणि मंद अशा दोन वाटा असण्याची शक्यता मनात धरा. अशा माणसाला अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी धडधड होते का, ते आवर्जून विचारा.

७. पी आणि क्यूआरएस यांची फारकत: ब्लॉक की नुसती स्पर्धा?

‘पीचा क्यूआरएसशी संबंध नाही, म्हणजे पूर्ण हार्ट ब्लॉक’ हे वाक्य अर्धवट आहे. दोन्हींचा वेग मोजा.

पूर्ण ब्लॉकमध्ये अलिंदांचा वेग निलयांपेक्षा जास्त असतो. निलय स्वतःच्या मंद, नियमित गतीने चालतात: जंक्शनमधून चालले तर साधारण ४० ते ६०, निलयांतून चालले तर २० ते ४०. पींना वाहून जायची पुरेशी संधी असते, टीच्या खूप नंतरही त्या येतात, आणि तरी एकही जात नाही.

निलयांचा वेग अलिंदांइतका किंवा जास्त असेल तर गोष्ट निराळी. सायनस मंदावलाय आणि जंक्शन त्याच वेगाने चालू झालंय, किंवा जंक्शनने स्वतःहून वेग घेतलाय. पी क्यूआरएसच्या जवळ येते, त्यात शिरते, पलीकडे निघते, परत येते. तिला खाली जायची संधीच मिळत नाही. हे विलगीकरण आहे, ब्लॉक नव्हे. रुग्णाला उठून बसायला किंवा हातपाय हलवायला सांगा. सायनस वाढला की बहुतेक वेळा पी पुढे निघून ताल ताब्यात घेते. मध्येच एखादा क्यूआरएस अपेक्षेआधी, योग्य पीआर घेऊन आलेला सापडला, तर वाट उघडी असल्याचा तो थेट पुरावा.

एट्रियल फ्लटरमध्ये अलिंद मिनिटाला सुमारे ३०० वेळा आकुंचन पावतात. चारांतली एकच लहर खाली गेली तर गती ७५ भरते. बाकीच्या तीन अडल्या म्हणून त्याला हार्ट ब्लॉक म्हणायचं नाही. नोडने निलयांना वाचवलंय. उलट एट्रियल फिब्रिलेशनचा अनियमित ताल एकाएकी मंद आणि काटेकोर नियमित झाला, तर मात्र पूर्ण ब्लॉक आणि डिगॉक्सिनची मात्रा या दोन्हींचा विचार करा.

८. छोटे सापळे

यू वेव्हला (टीनंतरच्या लहान लहरीला) पी समजून २:१ लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. क्यूटी, म्हणजे क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टीच्या शेवटापर्यंतचं अंतर, खूप लांबलं असेल, विशेषतः नवजात बाळात, तर पुढची पी निलय तयार होण्याआधीच येते आणि खराच २:१ दिसतो. तिथे मूळ दुखणं क्यूटीचं आहे, आणि ते चुकलं तर जिवावर बेततं.

पेसमेकर असलेल्या माणसात एखादा ठोका गळलेला दिसला तर यंत्र बिघडलं असं लगेच म्हणू नका. काही पेसमेकर नैसर्गिक वहनाला संधी देण्यासाठी एक ठोका मुद्दाम सोडतात, आणि अलिंद ठरावीक वरच्या वेगापलीकडे गेले की वेन्केबाखसारखा क्रम दाखवतात. कार्ड पाहा, यंत्र तपासून घ्या.

ईसीजी यंत्राने छापलेल्या निदानावर विसंबू नका. लपलेली पी त्याला अनेकदा दिसत नाही.

९. बिछान्याजवळच्या चाचण्या, आणि त्यांचे धोके

तर्क साधा आहे. एव्ही नोडला व्हेगसचा लगाम असतो, हिजच्या खालच्या वाटांना जवळजवळ नाही. व्यायामाने किंवा ॲट्रोपिनने नोडमधला अडथळा सुधारतो. दोष खाली असेल तर नोड जास्त पी खाली सोडतो, खालची थकलेली वाट त्या पेलू शकत नाही, आणि ब्लॉक वाढतो. कॅरोटिड मसाजने, म्हणजे मानेतली धमनी चोळल्याने, याच्या उलट घडतं.

हे प्रयोग मॉनिटर, शिरेतली सुई आणि बाह्य पेसिंगची सोय असल्याशिवाय करायचे नाहीत. कॅरोटिड मसाज मानेत आवाज ऐकू येत असेल किंवा अलीकडे पक्षाघात झाला असेल तर करायचाच नाही. नवख्यांनी हे एकट्याने करू नये. मी दोन वर्षं फक्त शेजारी उभी राहून पाहत होते.

१०. उलटी चूक: खरा ब्लॉक सोडून देणे

एवढं वाचून प्रत्येक विराम निरुपद्रवी वाटू लागला तर मी तुमचं नुकसान केलं असं होईल. एक प्रकार नीट लक्षात ठेवा. एखादा एपीसी किंवा व्हीपीसी येतो, छोटा विराम पडतो, आणि त्यानंतर पी वेळेवर येत राहतात पण एकामागून एक अडत जातात. दोन, तीन, पाच. सायनस मंदावत नाही, कधी वेगच घेतो. हा अचानक येणारा खरा ब्लॉक आहे, बहुधा बंडल ब्रँच ब्लॉक असलेल्या हृदयात, आणि माणूस त्यात कोसळतो. सुरुवात अवेळी ठोक्याने झाली म्हणून त्याला एपीसीचा विराम म्हणणं जिवाशी खेळणं आहे.

म्हणून रुंद क्यूआरएस आणि शुद्ध हरपल्याचा इतिहास एकत्र असेल, किंवा लागोपाठ दोन वेळेवरच्या पी अडल्या असतील, तर रुग्णाला घरी पाठवू नका. वरिष्ठांना बोलवा, मॉनिटरवर ठेवा. औषध, पोटॅशियम, हृदयविकाराचा झटका अशी बरी होणारी कारणं नसतील, तर खऱ्या टाइप दोनला तक्रार असो वा नसो, पेसमेकर लागतो. म्हणूनच हे नाव एवढं जपून वापरायचं.

११. काय लिहायचं आणि घरच्यांना काय सांगायचं

अहवालात नावाआधी निरीक्षण लिहा. उदाहरणार्थ: ‘विराम १.४ सेकंद. विरामाआधीच्या टीमध्ये व्ही-१ आणि लीड दोनमध्ये अवेळी पी. इतरत्र लांब पीआरने वाहून गेलेले एपीसी. क्यूआरएस अरुंद. या पट्टीत एव्ही ब्लॉकचा पुरावा नाही.’ असं लिहिलं की चूक झाली असली तरी पुढचा वाचणारा ती पकडू शकतो. नुसतं ‘मोबिट्झ दोन’ लिहिलं तर पुढचे सगळे तेच उतरवत जातात.

घरच्यांशी बोलताना ‘ब्लॉक’ हा शब्द फार सांभाळून वापरा. आपल्याकडे ब्लॉक म्हटलं की रक्तवाहिनीतला अडथळाच डोळ्यांसमोर येतो. ‘नव्वद टक्के आहे का? स्टेंट लागेल का?’ असे प्रश्न येतात. खरा एव्ही ब्लॉक असला तरी तो विजेच्या वाटेचा आहे, रक्ताच्या वाटेचा नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगा. आणि खात्री होण्याआधी पेसमेकरचं नाव काढू नका. ‘एक ठोका गळताना दिसतोय, त्याचं कारण शोधतोय, सकाळपर्यंत मॉनिटरवर ठेवतोय’ एवढं सांगणं खरंही आहे आणि पुरेसंही. त्या रात्री बाईंच्या मुलाला मी हेच सांगायला हवं होतं.

शेवटचं काम: पट्टीची प्रत काढा, लपलेल्या पीवर बाण करा, खाली तारीख आणि ‘वाहून न गेलेला एपीसी’ असं लिहा आणि रुग्णाच्या फाइलमध्ये लावा. मूळ पट्टी उष्णतेने छापलेल्या कागदावर असेल तर ती काही काळाने पुसट होते, म्हणून प्रतच द्या. पुढच्या वेळी दुसऱ्या कुठल्या तरी रात्रपाळीत तोच विराम पुन्हा दिसेल, आणि तिथे बसलेल्या माणसाला तो बाण उपयोगी पडेल.